२५, ३० आणि ६० एकाच टाइमलाइनवर: डाव्हिंची रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती

सोलापुरात सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेचे चित्रण आता कोणी एक माणूस करत नाही. सात नंदीध्वजांची, म्हणजे उंच सजवलेल्या मानाच्या काठ्यांची, मिरवणूक उत्तर कसब्यातून निघते तेव्हा रस्त्याच्या कडेला आणि गॅलऱ्यांमध्ये जेवढी माणसे उभी असतात, जवळजवळ तेवढेच मोबाइल उंचावलेले असतात. यंदा आमच्या गल्लीतल्या मंडळींनी ठरवले की, प्रत्येकाकडचे चित्रण एकत्र करून ४० मिनिटांची एक फिल्म करायची, आणि लग्नाचे व्हिडिओ संपादित करण्याचा मला थोडाफार अनुभव असल्याने ते काम माझ्या गळ्यात पडले. माझ्या स्वतःच्या कॅमेऱ्याचे चित्रण सेकंदाला २५ फ्रेमचे, म्हणजे २५ स्थिर चित्रांचे होते (या आकड्यालाच फ्रेम रेट म्हणतात), भाच्याच्या मोबाइलमधले ६० चे, शेजारच्या दोन मुलांच्या मोबाइलमधले ३० चे, आणि एका घरातून जुनी मिनी डीव्ही टेप आली होती, तिची तऱ्हा आणखी निराळी. हे सगळे मी डाव्हिंची रिझॉल्व्ह या सॉफ्टवेअरच्या मोफत आवृत्तीत संपादित केले. या सॉफ्टवेअरच्या रंगकामाविषयी पुष्कळ लिहिले जाते, त्यामुळे तो विषय मी बाजूला ठेवतो आणि वेगवेगळ्या फ्रेम रेटचे फुटेज एकत्र आणताना ते कितपत साथ देते, एवढेच पाहतो.

रिझॉल्व्ह हे ब्लॅकमॅजिक डिझाइन या ऑस्ट्रेलियन कंपनीचे सॉफ्टवेअर आहे. मूळची डाव्हिंची सिस्टिम्स ही कंपनी चित्रपटांच्या रंगसंस्कारासाठी यंत्रणा बनवत असे. ब्लॅकमॅजिकने ती २००९ मध्ये विकत घेतली. हा इतिहास सांगण्याचे कारण असे की, रिझॉल्व्हचा काटेकोर स्वभाव तिथूनच आलेला दिसतो. या सॉफ्टवेअरच्या दृष्टीने टाइमलाइन म्हणजे क्रमांक दिलेल्या फ्रेमची एक रांग असते, आणि सेकंदाला किती क्रमांक मोजायचे हे एकदा ठरले की त्यात नंतर बदल करता येत नाही. नवा प्रोजेक्ट उघडून पहिली क्लिप मीडिया पूलमध्ये, म्हणजे कच्च्या फुटेजच्या साठ्यात, टाकली आणि तिचा फ्रेम रेट प्रोजेक्टपेक्षा वेगळा असला, तर एक छोटी चौकट उघडते आणि प्रोजेक्टचा फ्रेम रेट बदलायचा का, असे विचारते. काम सुरू झाल्यावर प्रोजेक्टच्या मास्टर सेटिंग्जमधला फ्रेम रेटचा रकाना फिका पडतो.

माझी पहिली चूक इथेच झाली, आणि ती सर्वस्वी माझी होती. रात्री उशिरा, सगळ्यांत हाताशी असलेली म्हणून, शेजारच्या मुलाची ३० फ्रेमची क्लिप मी आधी टाकली, चौकट आली, आणि नेहमीच्या सवयीने न वाचता होकार दिला. तीन दिवस मी कापाकापी करत राहिलो. चौथ्या दिवशी मोठ्या टीव्हीवर पाहताना लक्षात आले की, माझ्या स्वतःच्या कॅमेऱ्याचे, ट्रायपॉडवरून संथ फिरवलेले शॉट दर क्षणाला किंचित अडखळत आहेत. २५ फ्रेमचे चित्रण ३० च्या टाइमलाइनवर बसवायचे म्हणजे दर पाच फ्रेममागे एक फ्रेम दोनदा दाखवावी लागते. सेकंदाला पाच वेळा चित्र क्षणभर थांबते आणि पुढे सरकते. बोलणाऱ्या माणसाच्या चेहऱ्यावर ते कळतही नाही, पण कॅमेरा सिद्धेश्वर तलावाच्या कडेने मंदिराकडे संथ वळत असेल तर डोळ्याला सतत खुपत राहते.

सुदैवाने रिझॉल्व्हच्या १६ व्या आवृत्तीपासून प्रत्येक टाइमलाइनला स्वतःची वेगळी सेटिंग्ज देता येतात. नवी टाइमलाइन तयार करताना ‘यूज प्रोजेक्ट सेटिंग्ज’ या पर्यायावरची खूण काढली की, त्या टाइमलाइनपुरता निराळा फ्रेम रेट निवडता येतो. मी २५ ची नवी टाइमलाइन केली, जुन्या टाइमलाइनवरचे तुकडे तिच्यावर आणले आणि प्रत्येक कट पुन्हा तपासला. त्यात दीड दिवस गेला. तेव्हापासून मी रिकाम्या प्रोजेक्टमध्ये आधी मास्टर सेटिंग्ज उघडून फ्रेम रेट ठरवतो आणि मगच क्लिप आत घेतो.

मग २५ च का? वेबवर आज कोणताही फ्रेम रेट चालतो, मोबाइलचे पडदे ६० किंवा त्याहून अधिक वेगाने चालतात, तेव्हा सरळ ३० किंवा ६० का घेऊ नये, असा प्रश्न भाच्याने विचारला, आणि तो रास्त होता. त्याच्या उत्तराचा एक भाग असा की, फिल्ममधला बोलण्याचा आणि मंदिरातला बहुतेक सगळा भाग माझ्या कॅमेऱ्याचा होता, आणि ज्या चित्रणावर फिल्मचा भार आहे त्याला धक्का न लावता बाकीच्यांनी जुळवून घ्यावे हेच बरे. दुसरा भाग आपल्या विजेचा आहे. आपल्याकडे घरातला वीजपुरवठा ५० हर्ट्झचा आहे. दूरदर्शनची २५ फ्रेमची पाल पद्धत त्याच्याशी जुळणारी होती. साध्या दिव्यांचा प्रकाश सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतो. २५ फ्रेम आणि १/५० सेकंदाचे शटर (म्हणजे प्रत्येक फ्रेम तेवढा वेळ प्रकाश घेते) असले की प्रत्येक फ्रेमच्या वाट्याला प्रकाशाचे नेमके दोन हेलकावे येतात आणि उजेड सारखा राहतो. ३० फ्रेम आणि १/६० चे शटर असले की हा हिशेब बिघडतो आणि सेकंदाला १० वेळा उजेडाची धडधड दिसते. रात्री विद्युत रोषणाई केलेले नंदीध्वज होम मैदानाकडे येत असतानाचे मुलांचे चित्रण अशाच धडधडीने भरलेले होते. ती घालवण्याचा ‘डीफ्लिकर’ हा इफेक्ट रिझॉल्व्हच्या मोफत आवृत्तीत मिळत नाही, तो सशुल्क स्टुडिओ आवृत्तीत आहे. मी त्यातले बरेच शॉट वगळले आणि जे घेतले ते दोन-दोन सेकंदांवर आणून ठेवले.

या सॉफ्टवेअरची मोठी सोय म्हणजे वेगळ्या फ्रेम रेटची क्लिप टाइमलाइनवर ओढली की ते काही कुरकुर करत नाही. क्लिपची लांबी आणि आवाजाचा वेग तोच ठेवून, टाइमलाइनच्या मोजणीत बसतील तेवढ्या फ्रेम ते निवडते. निवडण्याची रीत ‘रिटाइम प्रोसेस’ या नावाखाली आहे. ती संपूर्ण प्रोजेक्टसाठी मास्टर सेटिंग्जमध्ये आणि एकेका क्लिपसाठी इन्स्पेक्टर या तिच्या गुणधर्मांच्या चौकटीत ठरवता येते. तिचे तीन प्रकार आहेत. ‘निअरेस्ट’ म्हणजे वेळेच्या सर्वांत जवळची मूळ फ्रेम जशीच्या तशी घेणे, ‘फ्रेम ब्लेंड’ म्हणजे शेजारच्या दोन फ्रेम एकमेकींत मिसळणे, आणि ‘ऑप्टिकल फ्लो’ म्हणजे चित्रातली हालचाल ओळखून मधली, प्रत्यक्षात कधीच टिपली न गेलेली फ्रेम नव्याने रचणे. कागदावर तिसरा प्रकार सर्वांत हुशार वाटतो, आणि नवशिक्या माणसाने सगळ्या प्रोजेक्टला तोच लावून टाकावा असा मोहही होतो. मी तसे करून पाहिले आणि मागे फिरलो.

ऑप्टिकल फ्लोची खरी परीक्षा यात्रेतल्या अक्षता सोहळ्यात, म्हणजे सिद्धेश्वरांच्या प्रतीकात्मक विवाहात होते. संमती कट्ट्यासमोर जमलेला समुदाय एकाच क्षणी अक्षता उधळतो, तेव्हा चौकटीत हजारो बारीक दाणे निरनिराळ्या दिशांनी, एकमेकांना ओलांडत पडत असतात. शेजारच्या मुलाचा हा शॉट ३० फ्रेमचा होता. निअरेस्टवर पाहिला तर दाणे स्पष्ट दिसत होते, पण खाली येताना मध्येच उडी मारल्यासारखे वाटत होते. ऑप्टिकल फ्लो लावल्यावर उड्या गेल्या, पण दाण्यांच्या जागी पिवळसर पाण्याच्या रेघा दिसू लागल्या. एक-एक फ्रेम पुढे नेत पाहिले तेव्हा एका फ्रेममध्ये एका वृद्ध गृहस्थांच्या उंचावलेल्या हाताची बोटे फेट्याच्या कडेत विरघळलेली होती, आणि पुढच्याच फ्रेममध्ये ती पुन्हा हाताला चिकटली होती. हा दोष एकट्या रिझॉल्व्हचा म्हणता येणार नाही. आधीच्या फ्रेममधला कोणता दाणा पुढच्या फ्रेममधला कोणता, हे सांगण्याचा उपायच जिथे नाही तिथे ही पद्धत अंदाज बांधते, मग सॉफ्टवेअर कोणतेही असो. याच पद्धतीने बाराबंदी या पारंपरिक पांढऱ्या पोशाखातला एकच मानकरी मोकळ्या आकाशाच्या पार्श्वभूमीवर नंदीध्वज तोलताना मात्र इतका सुरेख उतरला की, त्यातल्या कोणत्या फ्रेम खऱ्या आणि कोणत्या रचलेल्या, हे मलाही ओळखता आले नाही. मागे सपाट काही आणि पुढे एकच स्पष्ट आकृती असली की ऑप्टिकल फ्लो लावावा. गर्दी, पाणी, दाणे, ठिणग्या असल्या की त्याच्या वाटेला जाऊ नये, या मतावर मी आलो आहे. ऑप्टिकल फ्लोच्या जोडीला ‘मोशन एस्टिमेशन’ म्हणून आणखी एक निवड असते. त्यातल्या ‘एन्हान्स्ड बेटर’ने बोटे थोडी सावरली, पण माझा लॅपटॉप अक्षरशः घामाघूम झाला. त्याहून वरचा ‘स्पीड वॉर्प’ हा प्रकार फक्त स्टुडिओ आवृत्तीत मिळतो.

फ्रेम ब्लेंडबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. प्रत्येक हलत्या वस्तूला भुतासारखी दुसरी आकृती चिकटते. शोभेच्या दारूकामाच्या शॉटला तो बरा दिसला, कारण तिथे प्रकाशाच्या रेघा एकमेकींत मिसळल्या तरी बिघडत नाही.

आता एक गोष्ट, जी मला स्वतःला काम करताना उलगडली आणि जिच्यामुळे हा लेख लिहावासा वाटला. आपली सहज समजूत अशी असते की २५ च्या टाइमलाइनला ३० चे फुटेज जवळचे आणि ६० चे लांबचे. प्रत्यक्षात उलट घडते. ३० तून २५ करायचे म्हणजे दर सहा फ्रेममधली एक गाळायची. पाच फ्रेम एका चालीने जातात आणि मग एकदम दुप्पट अंतराची उडी येते, सेकंदाला पाच वेळा. जेकॉर्ड मागावर विणलेल्या चादरीतून दर सहावा आडवा धागा ओढून काढला तर चादर फाटणार नाही, पण नक्षीतल्या मोराची मान ठिकठिकाणी तुटलेली दिसेल, तसेच हे आहे. ६० तून २५ करताना मात्र दोन आणि तीन फ्रेमच्या पावलांनी आळीपाळीने पुढे जायचे असते. पावले अगदी सारखी पडत नसली तरी प्रत्येक वेळी हव्या त्या क्षणाच्या फार जवळची फ्रेम हाताशी असते, त्यामुळे अडखळणे निम्म्याने कमी होते. ५० असते तर दर दुसरी फ्रेम घेतली की काम संपले असते, कसलाच गोंधळ नाही. भाच्याने ६० वर चित्रण केल्याबद्दल मी त्याला आधी दोन शब्द ऐकवले होते, ते मला परत घ्यावे लागले.

अर्थात ६० च्या चित्रणाचा एक निराळा त्रास असतो आणि तो कोणतेही सॉफ्टवेअर पुरता दूर करू शकत नाही. जानेवारीतल्या सोलापूरच्या दुपारच्या उन्हात मोबाइल शटरचा वेग आपोआप वाढवतो, कधी १/१००० सेकंदाच्याही पुढे नेतो. प्रत्येक फ्रेम सुरीने कापल्यासारखी धारदार येते. हालचालीला जो किंचित धूसरपणा असावा लागतो तो त्यात नसतो, आणि अशा धारदार फ्रेम २५ च्या चालीने दाखवल्या की मिरवणुकीतली माणसे चालण्याऐवजी टपटप उड्या मारत आहेत असे दिसते. माझ्या कॅमेऱ्याला भिंगापुढे काळी काच लावून शटर १/५० वर ठेवलेले होते, म्हणून एकापाठोपाठ आलेले दोन शॉट रंगाने जुळूनही चालीने वेगळे वाटत. इलाज म्हणून मी अशा जोड्या सलग ठेवल्याच नाहीत. मध्ये एखादे स्थिर चित्र, कळस, पूजेचे ताट किंवा एखादा चेहरा घातला.

ज्या शॉटला आवाजाची गरज नाही तिथे रिझॉल्व्हमधली आणखी एक सोय फार उपयोगी पडली. मीडिया पूलमध्ये क्लिपवर उजवी टिचकी देऊन ‘क्लिप अॅट्रिब्यूट्स’ उघडले की, त्या क्लिपचा फ्रेम रेट मुळात किती समजायचा हे आपल्याला सांगता येते. ३० च्या क्लिपला २५ ची समजा असे सांगितले की एकही फ्रेम गाळली जात नाही आणि एकही दोनदा येत नाही. १० सेकंदांची क्लिप १२ सेकंद चालते, एवढेच. हालचाल सुमारे १७ टक्क्यांनी संथ होते. नंदीध्वज डुलत येतानाच्या शॉटला हा संथपणा इतका शोभला की, मुळातच तसे चित्रित केले असावे असे वाटते. ६० चे २५ केले तर वेग ४२ टक्क्यांच्या आसपास येतो आणि ते सरळ स्लो मोशनच होते. उधळलेल्या अक्षतांचा भाच्याकडचा एक शॉट मी असाच वापरला, आणि त्यातला एकेक दाणा मोजून घ्यावा इतका स्वच्छ आहे. हे करायचे ते क्लिप टाइमलाइनवर नेण्याच्या आधी, कारण नंतर केल्यास आधी घातलेल्या कटांची जागा तपासत बसावे लागते.

जिथे आवाज आहे तिथे ही युक्ती चालत नाही, आणि हलगी असेल तर मुळीच नाही. हलगीवर काठी पडते तो क्षण एका फ्रेमचा असतो. संध्याकाळी एका हलगीवाल्यांचे १८ मिनिटांचे सलग वादन शेजारच्या मुलाने मोबाइलवर घेतले होते आणि आवाज मी वेगळ्या रेकॉर्डरवर घेतला होता. सुरुवातीचा ठोका जुळवला, पहिली पाच मिनिटे पाहिली, ठीक वाटले, आणि मी पुढे गेलो. फिल्मचा कच्चा मसुदा त्या वादकांना दाखवला तेव्हा शेवटाकडच्या एका तुकड्यावर त्यांनी हात वर केला आणि म्हणाले, “दादा, हितं काठी आधी पडतीय बघा, आन् आवाज मागनं येतोय.” फ्रेम मोजल्या तर सात फ्रेमचा फरक निघाला. सर्वसाधारण प्रेक्षकाला नुसते काहीतरी चुकल्यासारखे वाटले असते, पण ज्याचा हात त्या चामड्यावर आयुष्यभर पडला आहे त्याच्या नजरेतून ते सुटले नाही.

कारण मोबाइलमध्ये होते. अनेक मोबाइल ३० म्हणतात तेव्हा सेकंदाला नेमक्या ३० फ्रेम घेत नाहीत. उजेड कमी झाला किंवा यंत्र तापले की दोन फ्रेममधले अंतर बदलते. याला बदलता फ्रेम रेट म्हणतात. पाहण्यासाठी ते ठीक असते, कारण प्रत्येक फ्रेमवर तिची वेळ लिहिलेली असते, पण संपादनाची टाइमलाइन सारख्या अंतराच्या घरांची असते आणि असमान फ्रेम तिच्यात बसवताना आवाजाशी फारकत होऊ शकते. एखादी क्लिप अशी आहे का, हे ‘मीडियाइन्फो’ हे छोटे मोफत सॉफ्टवेअर लगेच सांगते. फ्रेम रेट मोडपुढे ‘व्हेरिएबल’ दिसले की सावध व्हावे. अशा क्लिप मी आधी ‘हँडब्रेक’मधून काढल्या. तेही मोफतच आहे. तिथे व्हिडिओच्या पानावर फ्रेम रेट ३० निवडून त्याखाली ‘कॉन्स्टंट फ्रेमरेट’वर खूण करायची आणि दर्जाचा आकडा १८ च्या आसपास ठेवायचा. चित्र दुसऱ्यांदा दाबले जाते, फाइल फुगते, वेळ जातो, पण हलगीची काठी आणि ठोका शेवटच्या मिनिटापर्यंत एकत्र राहिले. मिनी डीव्ही टेपचेही काम हँडब्रेकमध्येच उरकले: त्या चित्रणात सेकंदाला ५० अर्ध्या फ्रेम विषम आणि सम ओळींच्या असतात, त्या सोडवल्याशिवाय हालत्या कडांना कंगव्याचे दात दिसतात.

मोफत आवृत्तीच्या मर्यादा या कामापुरत्या तरी फारशा आड आल्या नाहीत. अल्ट्रा एचडी आणि सेकंदाला ६० फ्रेमपर्यंतच टाइमलाइन आणि एक्सपोर्ट मिळतो, आणि गल्लीच्या फिल्मला त्याहून जास्त कशाला हवे? फिल्मवर कंपनीचा शिक्का उमटत नाही, मुदत संपत नाही. संगणक मात्र ताकदीचा लागतो. वेगळे ग्राफिक कार्ड आणि १६ जीबी रॅम नसेल तर फार हौस करू नये. मी एक्सपोर्टचे काम मार्चमध्ये संपवले याचे मला समाधान आहे, कारण आमच्याकडे पारा चाळिशीपुढे गेला की लॅपटॉपचा पंखा आणि डोक्यावरचा पंखा एकाच सुरात ओरडू लागतात. स्टुडिओ आवृत्तीची जाहीर किंमत २९५ डॉलर आहे आणि ती एकदाच भरावी लागते. केवळ मिश्र फ्रेम रेटसाठी ती घ्यावी असे मला वाटत नाही. डीफ्लिकर आणि अंधारातल्या चित्रातला दाणेदारपणा (नॉइज) काढण्याची सोय यांसाठी, रात्रीच्या लग्नांचे काम करणाऱ्याने ती घ्यायला हरकत नाही.

इतर सॉफ्टवेअरशी तुलना करायची तर प्रीमिअर प्रोमध्ये सिक्वेन्सचा फ्रेम रेट नंतरही बदलता येतो, त्यामुळे माझ्यासारख्या उतावळ्या माणसाची रात्रीची चूक तिथे दीड दिवसाची ठरली नसती. पण त्याचे दरमहा भाडे भरावे लागते. केडेनलाइव्ह हे मुक्त सॉफ्टवेअर बदलत्या फ्रेम रेटची क्लिप आत घेतानाच तसे सांगते आणि ती बदलून देऊ का असे विचारते, हा गुण रिझॉल्व्हने उचलावा असे मला मनापासून वाटते. रिझॉल्व्हमध्ये मीडिया पूल यादीच्या रूपात उघडला की फ्रेम रेटचा रकाना दिसतो आणि त्यानुसार क्लिप रांगेने लावता येतात. ज्याला ठाऊक आहे तो पाहील, पण ज्याला ठाऊक नाही त्याला कोणी खांद्यावर हात ठेवून सांगणार नाही. मी आता प्रत्येक कामात ३०, ५० आणि ६० च्या क्लिपना वेगवेगळे रंग देतो. टाइमलाइनवर केशरी रंग दिसला की हा ३० चा, इथे थांबून पाहायचे, हे डोळ्याला कळते.

पुढच्या यात्रेसाठी मुलांचे मोबाइल मी आधीच मागवून घेतले. आयफोनमध्ये कॅमेऱ्याच्या सेटिंग्जमधल्या व्हिडिओच्या पानावर पाल फॉरमॅट दाखवण्याचा पर्याय चालू केला की २५ चा पर्याय पुढे येतो. अँड्रॉइडमधल्या निवडक फोनवर ब्लॅकमॅजिकचेच मोफत कॅमेरा अॅप चालते, त्यात २५ किंवा ५० ठरवता येते आणि शटरही हाताने बांधता येते. भाच्याचा मोबाइल मी ५० वर लावून दिला आहे. अक्षतांचा तो ३० चा शॉट फिल्ममध्ये निअरेस्टवरच ठेवला. त्यात दाणे दोन ठिकाणी उडी मारतात, पण ते दाणेच दिसतात.